एका घरी एकच मावशी

९ जानेवारी

चि. भाऊस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्याकडे एक काम काढलं आहे. ब्यूरो विकायचा विचार चालू आहे. वाचून खुर्चीतून उठू नकोस, पुढचंही बसूनच वाच.

बावीस वर्षांपूर्वी दोन मावश्या आणि एक फोन एवढ्यावर सुरू केलेलं हे काम आता शंभरेक मावश्या आणि साठेक घरांपर्यंत आलं आहे. एकटे पडलेले म्हातारे, ऑपरेशन करून घरी आलेले, वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळलेले, अशांकडे आमच्या मावश्या जातात. अंघोळ घालतात, औषधं देतात, हात धरून चालवतात. सकाळी उजाडायच्या आत फोन वाजतो, अमकीला ताप आलाय, बदली पाठवा. पूर्वी मी झोपेतून सरळ कामात यायचे. हल्ली आधी मला राग येतो आणि मग मी कामात येते. या धंद्यात मालकिणीला फोनचा राग यायला लागला की तिने बाजूला व्हावं, असं माझं मत झालं आहे. लेकाला विचारून पाहिलं. तो म्हणाला, आई, मला माझ्या घरातली तीन माणसं सांभाळता येत नाहीत. पोरगा खोटं बोलत नाही.

एक मोठी कंपनी विचारते आहे. सात-आठ शहरांत त्यांच्या शाखा आहेत, तुझ्या शहरातही आहे म्हणे. ऑफिसात आम्ही त्यांना साखळीवाले म्हणतो. त्यांनी आकडा सांगायच्या आत माझा आकडा माझ्याकडे हवा. तू जन्मभर लोकांच्या बेकऱ्या, छापखाने आणि लॅबोरेटऱ्या यांच्या किमती काढत आलास, आता बहिणीच्या ब्यूरोची काढ. आणि हे सगळं पत्रातच. फोनवर आपण तिसऱ्या मिनिटाला भांडतो आणि मग तू महिनाभर फुगून बसतोस.

धाकटीचं ते बुटकं स्टूल अजून दाराच्या तोंडाशीच आहे का? मागच्या खेपेला मी त्याला दोनदा अडखळले. बाहेर जाताना आपल्या घरची धाकटी, तुझी बायको, त्यावर बसून बूट घालायची हे मला आठवतं, आणि ती गेल्याला दोन वर्षं होत आली तरी तू ते का हलवत नाहीस हेही कळतं. निदान जाता-येता दिवा लावत जा.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
ताई


२० जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र खुर्चीत बसूनच वाचलं. तुझ्या सुपरवायझरबाईंनी पाठवलेले कागदही मिळाले. त्यांना घड्याळबाई हे नाव तुम्ही का ठेवलंत ते समजलं, कारण कागद सांगितलेल्या दिवशी सांगितलेल्या वेळी आले. असा अनुभव मला चाळीस वर्षांत फारसा नाही.

पद्धत साधी आहे. गेल्या तीन वर्षांच्या नफ्याची सरासरी घ्यायची. त्यातून तुझा पगार वजा करायचा, जो तू कधी घेतलाच नाहीस. तुझ्या जागी येणारा माणूस फुकट बसणार नाही. मग जे उरेल त्याला एका आकड्याने गुणायचं. धंदा मालकावाचून चालत असेल तर तो आकडा पाचाच्या आसपास जातो. मालकाला पडसं झालं की धंदाही अंथरूण धरत असेल, तर दोन. तुला मी तीन दिले आहेत. भाऊ म्हणून वाढवले नाहीत आणि भाऊ म्हणून कमीही केले नाहीत.

तीनच का, तेही सांगतो. तुझी निम्मी कामं एकाच हाडाच्या डॉक्टरांकडून येतात. उद्या ते निवृत्त झाले तर काय? कुठल्या घरी कुठली मावशी जमेल, हे सगळं तुझ्या डोक्यात आहे, आणि तुझं डोकं सौद्यात मिळत नाही. तिसरी गोष्ट जरा नाजूक आहे. तू एका घरी एकच मावशी ठेवतेस. पेशंट हॉस्पिटलात गेला तर ती घरी बसते, आणि तो परत येईपर्यंत तू तिला अर्धा पगार देत राहतेस. दुसरीकडे पाठवत नाहीस. आमच्या भाषेत याला गळती म्हणतात. सौद्याच्या आधी दोन-तीन महिने जरी ही गळती बंद केलीस तरी आकड्यात ठळक फरक पडेल. विचार कर.

स्टूल आहे तिथेच आहे. बाकी सगळ्यांनी त्याबद्दल बोलणं सोडलं आहे, तू एकटी उरली आहेस.

माझ्या तीनमुळे लोभात घट होऊ नये.

तुझा,
भाऊ


२ फेब्रुवारी

चि. भाऊस,
अनेक आशीर्वाद.

माझ्या बावीस वर्षांना तिनाने गुणलंस आणि वर साष्टांग नमस्कारही घातलास. तुझं हे कसब मान्य आहे. डॉक्टरांचं म्हणतोस ते खरं. डोक्याचं म्हणतोस तेही खरं. पण गळतीचं मला मान्य नाही, ती मी बंद करणार नाही, आणि का ते नीट वाच.

नवं घर मिळालं की पहिली भेट मी स्वतः देते, हे तू ऐकून आहेस. तिथे काय करते हे तुला कधी सांगितलं नाही. मी आधी एक बुटकं स्टूल मागते आणि पलंगाला लागून बसते. पेशंटला मान वर करावी लागू नये, उलट मला करावी लागावी, एवढाच हेतू. मग तीन गोष्टी विचारते. तुम्हाला काय म्हणून हाक मारू? घरातली कुठली वस्तू आम्ही हलवायची नाही? आणि आजारपणात तुम्हाला नेमकं कुणी पाहू नये असं वाटतं? पहिल्याचं उत्तर लगेच मिळतं. दुसऱ्याला वेळ लागतो. तिसऱ्याला कधी महिनासुद्धा जातो, आणि ते मला नाही, मावशीला मिळतं. कारण ती रोज तीच असते.

आमच्याकडे एक निवृत्त बँडमास्तर आहेत. जेवणाच्या टेबलावर त्यांनी एक रेडिओ उघडून ठेवला आहे, तो गेल्या चार वर्षांत मिटलेला नाही. सुना कंटाळल्या, शेजारी हसतात. त्यांची मावशी रोज त्या स्क्रूंच्या कडेकडेने ताट लावते. मधे ते न्यूमोनियाने तीन आठवडे हॉस्पिटलात होते. परत आले तेव्हा बोलत नव्हते, माणसं ओळखत नव्हते. ही मावशी समोर आली तर म्हणाले, माझा मोठा स्क्रू कुठे गेला. तुझ्या कागदावर ते तीन आठवडे गळती म्हणून लागले असतील. लागू देत.

साखळीवाल्यांचे एक गृहस्थ येऊन गेले. टाय घट्ट, बोलणं मऊ. माझे तीन प्रश्न त्यांनी लक्ष देऊन ऐकले आणि विचारलं, हे कुठल्या फॉर्मवर आहे. फॉर्मवर नाही म्हटल्यावर त्यांना माझी दया आल्यासारखी वाटली. माणूस वाईट नाही. आकडा आला की कार्ड टाकून कळवीन.

तब्येत सांभाळ, जेवण चुकवू नकोस, आणि माया आहे तशीच असू दे.

तुझी,
ताई


२४ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पेनातली रिफिल संपली म्हणून पेन्सिलीने लिहितो आहे, राग मानू नये. अक्षर वाकडं आलं आहे तेही चालवून घ्यावं.

तुझं कार्ड मिळालं. साखळीवाल्यांनी साडेतीनपट देऊ केले, म्हणजे माझ्याहून अर्धा जास्त. मी चुकलो याचा इतका आनंद मला यापूर्वी झाला नव्हता. व्यवहार म्हणून सांगायचं तर घ्यावेत. या आकाराच्या ब्यूरोला याहून जास्त कुणी देणार नाही.

इकडे सगळं ठीक. सध्या बाहेर पडणं कमी केलं आहे. पंख्याच्या पात्यांवर किती धूळ साचते ते इतकी वर्षं लक्षात आलं नव्हतं. एकदा पुसायला हवा.

दोन शंका आहेत, सहज विचारतो. तुमच्या एखाद्या घरी आठवड्यात जास्तीत जास्त किती वेगवेगळ्या बायका जातात? आणि जी वस्तू हलवायची नाही, तीच जर पेशंटला धोक्याची असेल तर तुम्ही काय करता? घाई नाही, सवडीने लिही.

लोभ राहावा.

तुझा,
भाऊ


२८ फेब्रुवारी

चि. भाऊस,
आशीर्वाद, पण या वेळी मोजकेच.

कुठलं हाड मोडलंय ते आधी सांग.

बॉलपेन उताण्या माणसाच्या हातात चालत नाही. टोक वर केलं की दोन ओळींत शाई थांबते. आमच्या प्रत्येक घरी उशाशी पेन्सिल असते, ती मीच पहिल्या भेटीला ठेवून येते. आणि तू मला पेन्सिलीने पत्र लिहितोस, वर पंख्याच्या धुळीचं वर्णन करतोस. दुसऱ्यांचे हिशेब पकडण्यात तुझा जन्म गेला, स्वतःचा लपवता येत नाही.

मी आपला नियम मोडून फोन केला. अनोळखी बाईने उचलला, साहेब झोपलेत म्हणाली. दुसऱ्या दिवशी केला तर दुसरीच अनोळखी बाई. या वयात घरात रोज नवी बाई, हे दुसऱ्या कुणाच्या भावाबद्दल ऐकलं असतं तर मी निराळा अर्थ काढला असता.

तुझ्या शंका सहज नाहीत हे दिसतंच आहे, तरी उत्तर देते. आमच्या घरी आठवड्यात एकच मावशी दिवसा, एकच रात्री, आणि सुटीच्या दिवसाची तिसरी, तीही ठरलेली. वस्तू धोक्याची असेल तरी हलवत नाही. तिला भडक रंगाचं फडकं बांधतो, वर दिवा लावतो, आणि पेशंटला तिच्या कडेने चालायला शिकवतो. मावशी आठवडाभर मुद्दाम त्याच बाजूने चालते. हे पुस्तकात बसत नाही, मला माहीत आहे. पुस्तक म्हणतं अडथळे काढून टाका.

मी आजच निघाले असते. पण साखळीवाल्यांची माणसं तपासणीला येऊन बसली आहेत, मी उठले तर तुझ्या हिशेबाप्रमाणे तिनाचे दोन होतील. म्हणून अडकले आहे आणि चिडले आहे. सगळं लिही. मला काळजी वाटते आहे, आणि तू लपवलंस याचं वाईटही वाटलं.

तुझी,
ताई


५ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

मांडीचं हाड, खुब्याजवळ, डावीकडचं. ऑपरेशन झालं, नीट झालं, वॉकर घेऊन चार पावलं टाकतो. कशामुळे पडलो हे तू ओळखलं असशीलच. दारावर कुरिअरवाला होता, दिवा लावला नव्हता, स्टूल जिथे असतं तिथेच होतं. आता म्हण, सांगितलं होतं म्हणून. एकदाच म्हण.

हॉस्पिटलातून सुटताना घरी कुणीतरी हवं होतं. तुझे साखळीवाले आहेतच इथे, म्हटलं त्यांचीच मावशी लावू, आणि माल आतून बघून घेऊ. अंथरुणावर पडूनही माझी खोड गेली नाही. बघितलेलं जसंच्या तसं सांगतो, कारण त्यांच्यावर अन्याय नको. वेळेवर येतात. हात स्वच्छ. औषध चुकत नाही. फोनवर कामांची यादी असते, एकेक करून खूण करतात. बायका चांगल्या आहेत. फक्त रोज वेगळी येते. रोज मला माझं नाव विचारतात, कुठला पाय ते विचारतात, चहात साखर किती ते विचारतात. दहाव्या दिवशी मी साखर दोन चमचे सांगितली, मला एकही लागत नाही. नुसतं काही वेगळं घडावं म्हणून.

चौथ्या दिवशी जी आली तिने ते स्टूल माळ्यावर टाकलं. यादीत होतं तसं, अडथळा दूर करणे. बरोबरच केलं तिने. टाकताना मात्र एकदा थबकली आणि विचारलं, हे कुणाचं. मी मान फिरवली, तिने खूण केली आणि गेली. दुसऱ्या दिवशी दुसरी आली. तिला ते स्टूल कधी होतं हेच माहीत नव्हतं. ताई, घरात माणूस असूनही मला त्या दिवशी फार एकटं वाटलं. धाकटी गेली त्या आठवड्यात वाटलं होतं तसं.

आता कामाचं. तुझी गळती गळती नाही, मी ते कलम चुकीच्या बाजूला लावलं होतं. तरी खोटी आशा दाखवत नाही. ते दुसऱ्या बाजूला नेलं तरी किंमत वाढत नाही, बाजार त्याला पैसे देत नाही. उलट ही पद्धत टिकवायची अट घातलीस तर साडेतीन राहणार नाहीत. कदाचित तीनही नाहीत. काय करायचं ते तू ठरव. व्यवहाराचा सल्ला मागच्या पत्रात दिला होता, या पत्रात माझ्याकडे व्यवहाराचा सल्ला नाही.

लपवलं का, ते सांगतो. आजारपणात तुम्हाला नेमकं कुणी पाहू नये असं वाटतं, हा तुझा तिसरा प्रश्न मी फेब्रुवारीत वाचला आणि उत्तर तेव्हाच मिळालं. तू. लहानपणी झाडावरून पडलो तेव्हा तू मला पाठीवर घेऊन घरी आणलंस आणि वाटेत सगळ्या गल्लीला सांगत आलीस. तेवढंच कारण.

रागाचा भर ओसरला की लोभ परत सुरू करावा.

तुझा,
भाऊ


२८ मार्च

चि. भाऊस,
अनेक, अनेक आशीर्वाद. राहिलेले मागचेही यात धर.

सांगितलं होतं. झालं, एकदाच म्हटलं.

काल सही झाली. कसं झालं ते सांगते. टायवाल्यांना मी बोलावलं आणि अट घातली की एका घरी एकच मावशी, हे करारात लिहा. ते नम्रपणे हसले. एका शाखेसाठी वेगळी पद्धत ठेवता येत नाही म्हणाले, त्यांचं कॉम्प्यूटरवरचं वेळापत्रकच तसं नाही. मी म्हटलं, मग निघू आपण. ते निघाले नाहीत. तीन दिवस ये-जा चालली. मी चहा पाजत राहिले आणि जागची हलले नाही. शेवटी ठरलं ते असं. आज जी घरं चालू आहेत त्यांची यादी कराराला जोडायची. त्या यादीतल्या घरांना, तो पेशंट असेपर्यंत, त्याची मावशी बदलायची नाही, आणि हॉस्पिटलच्या दिवसांचा अर्धा पगार द्यायचा. नवी घरं त्यांच्या पद्धतीने. त्यापायी साडेतिनाचे अडीच झाले. तुझे तीनसुद्धा मला मिळाले नाहीत, तेव्हा तुझी फी बुडाली.

म्हणजे बँडमास्तरांची मावशी राहिली. बाकीच्यांच्याही राहिल्या. पण भाऊ, यादीतलं एकेक घर मिटत जाईल आणि नवं त्यात येणार नाही. माझी पद्धत माझ्या म्हाताऱ्यांबरोबर संपणार. हे मला सही करताना नाही, सही झाल्यावर नीट कळलं, आणि मी ऑफिसात बसून रडले. घड्याळबाई शेजारी बसून राहिल्या. त्यांना घरी जायला उशीर झाला, बावीस वर्षांत पहिल्यांदा. त्यांची नोकरी कायम आहे, ती यादी त्यांच्याच हातात असेल. हे लिहिताना मन थोडं शांत होतं आहे.

आता तुझं. यादी बंद व्हायच्या आत मी तिच्यात एक घर घातलं. तुझं. पैसे भरले, रीतसर पावती फाडली, तू माझ्या ब्यूरोचा शेवटचा पेशंट आहेस. टायवाल्यांनी पत्ता बघून भुवया वर केल्या. हे दुसऱ्या शहरात आहे म्हणाले. मी म्हटलं, तुमची शाखा आहे ना तिथे. माझ्या गळ्यात साठ घरं पडलीच आहेत, हे एकसष्टावं, असं म्हणून त्यांनी सही केली. तेव्हा आता तुझ्याकडे आलेल्या बायकांतून तुला कोण हवी ते तू शाखेला कळव. तीच येईल, रोज.

ब्यूरोच्या नियमाप्रमाणे पहिली भेट मालकीण स्वतः देते. मालकीण मी कालपर्यंत होते, पण पावती परवाची आहे. येत्या नाही, त्याच्या पुढच्या रविवारी सकाळी पोचते. पाठीवर घेण्याइतकी मी आता राहिलेली नाही आणि तुझ्या गल्लीत मला कुणी ओळखत नाही, तेव्हा घाबरू नकोस.

बसायला मला बुटकं स्टूल लागतं हे तुला माहीत आहे. माळ्यावरून काढून ठेव.

माया भरपूर आहे, ठेवायला जागा कर.

तुझी,
ताई


२ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पेनाने लिहितो आहे, बसून.

चौथ्या दिवशीची मावशी मागितली. शाखेतल्या माणसाला आश्चर्य वाटलं, कारण तिच्याविरुद्ध माझी तक्रार असेल असं त्याने धरलं होतं. सोमवारपासून तीच येते. चहा बिनसाखरेचा, हे तिला आता पाठ आहे. आल्या दिवशीच तिला विचारलं, ते स्टूल कुठे टाकलंत. माळ्यावर कुठल्या डब्यामागे ते तिला बरोबर आठवत होतं. काढलं, पुसलं. मग तिने तेव्हाचंच पुन्हा विचारलं, हे कुणाचं, आणि या वेळी मी सांगितलं. बराच वेळ सांगत होतो. तिने फोन काढला नाही.

आता ते दाराशी आहे, होतं तिथेच. घरात लाल फडकं सापडेना, तेव्हा धाकटीचा केशरी स्कार्फ बांधला आहे. मावशी दोन दिवस मला त्याच्या कडेने चालवते आहे. वर दिवाही लावला आहे, तुझ्या नावाने.

ते स्टूल जागचं हलवायचं नाही, हे तिला मी पहिल्यांदाच बजावलं. मात्र रविवारी सकाळी ते आत आणून माझ्या पलंगाला लावून ठेवा, एवढं मीच तिला सांगून ठेवलं आहे. ताई बसणार आहे म्हटलं.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बदललं आहे. बाकीच्या दोन्हींची तयार आहेत, पण कागदावर देत नाही. येऊन विचार.

तुझा,
भाऊ